ऊनला म्हणायचं की उन्हाला?

आमच्या सुनेला सगळं जग ‘घाई’ म्हणतं. तिला खरं नावही आहे, चांगलं चार अक्षरी. लग्नात मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलंय. पण जन्माला येताना तिने अशी काही घाई केली की सुईण हात धुऊन येईपर्यंत ही बाहेर! तिची मावशी म्हणाली, “काय घाई आहे हो हिला!” संपलं. मावशी बोलून गेली आणि पोरगी घाई झाली. शाळेत घाई, कामावर घाई. सासरी आली तर तिच्याआधी तिचं टोपणनाव घरात शिरलं. कोणी खऱ्या नावाने हाक मारलीच तर ही इकडेतिकडे बघते, कोणाला बोलावताहेत म्हणून!

बरं, नाव शोभतंही. चालते ती पळाल्यासारखी आणि जेवते ती गाडी सुटल्यासारखी. एकच जागा अशी आहे की तिथे ती कसलीही घाई करत नाही. ती म्हणजे तिच्या धुलाई केंद्राची गच्ची.

मोठं केंद्र आहे ते. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांतली टेबलावरची कापडं, नाट्यगृहाचे पडदे, सगळं तिथे येतं. तळमजल्यावर यंत्रं धडधडत असतात आणि वर गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्याच दोऱ्या. वाळवायचं यंत्र नाही असं नाही, पण ते इतकी वीज खातं की मालक त्याच्या बटणाला कोणाला हात लावू देत नाही. म्हणजे सगळी भिस्त उन्हावर. आणि ऊन म्हणजे घाईचं खातं. कुठल्या दोरीवर ऊन आधी उतरतं, पाण्याच्या टाकीची सावली कधी आडवी येते, कोवळ्या उन्हात काय घालायचं आणि कडक उन्हात रंगीत काय चुकूनही घालायचं नाही, हे ती आभाळाकडे एकदा बघून सांगते. ढग हटले की जिन्यात तोंड घालून ओरडते, “ऊन आलं!” की खालच्या सगळ्या बायका ओल्या चादरींच्या बादल्या घेऊन वर धावतात. नव्या माणसाला तिथे आधी हा शब्द शिकवतात, मग साबण.

आमचा पोरगा त्या केंद्राचा टेम्पो चालवतो. गठ्ठे न्यायला वर गेला, तेव्हा हिने एक वाळलेली चादर त्याच्या नाकाशी धरली.

“वास घे. कशाचा आहे?”

“साबणाचा.”

“गाढवा, उन्हाचा!”

झालं! पहिल्या भेटीत जिने गाढव म्हटलं तिच्याशीच लग्न करीन म्हणून हा बसला अडून. मी म्हटलं, कर बाबा. खरं बोलणारी माणसं हल्ली मिळतात कुठे?

तर अशी ही घाई. तिला दिवस गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी नाचलो. खरंच नाचलो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने नाचू नये म्हणतात, पण असं म्हणतं कोण? ज्यांना नातवंड नाही ते!

आणि मग एक दिवस चहाचा कप खाली ठेवत तिने सांगून टाकलं, “बाबा, नाव ठरलंय. मुलगा असो, मुलगी असो. ऊन.”

मला वाटलं, ऊन आलंय म्हणतेय. मी खिडकीकडे बघितलं.

“अहो, नाव! बाळाचं नाव. ऊन.”

समोर आक्का बसली होती. आक्का माझी थोरली बहीण. माझी बायको गेली तेव्हा पोरगा लहान होता. आक्का पिशवी घेऊन आली ती आजतागायत गेली नाही. त्या पोराला तिनेच वाढवलं आणि मला अजून वाढवतेय. आक्काला नाव ठेवायला सांगा, ती आधी नावं ठेवते. मला गोट्या म्हणते. लहानपणी एकदा माझं डोकं तुळतुळीत केलं होतं, तेव्हापासून. पुढे केस आले, पांढरे झाले, परत गेले, तरी मी आपला गोट्याच. पोराला ढोल्या म्हणते. शेजारच्या वकिलाला तिने ‘मांजर’ केलं, तर त्याचे अशीलसुद्धा दारात उभे राहून विचारतात, मांजरसाहेब आहेत का? धुलाईत कपड्यावर एक शाई लावतात. कापड फाटतं पण खूण जात नाही. आक्काने ठेवलेलं नाव तसलं.

“ऊन?” आक्का म्हणाली. “आणि पाठचं झालं तर सावली का? मग छत्री? अगं, ऊन लागतं माणसाला. ऊन सोसत नाही. उन्हात केस पांढरे होतात. एक बरं बोलतात का उन्हाबद्दल?”

“आत्या, हिवाळ्यात बोलतात की.”

“शिवाय नपुंसकलिंगी! ते ऊन!”

“बाळ पण तेच असतं ना? ते बाळ. आला-आली मग बघू.”

मी हसलो, तशी आक्का माझ्याकडे वळली. “दात काढू नकोस गोट्या. तुझं तुला ठरवता येतंय का, चांगलं की वाईट?”

खरं सांगायचं तर मला येत नव्हतं. छोटं होतं, गोड होतं, पण नाव वाटत नव्हतं. मी तेव्हा एक नामी तोडगा काढला, म्हणजे मला नामी वाटला. म्हटलं, “आक्का, ‘उन्हातान्हात’ म्हणतो की नाही आपण? त्यात ऊनही आहे आणि तान्हंही आहे! भाषेनेच जोडी लावून ठेवलीय!”

“ते तान्ह म्हणजे तहान रे, शुंभा,” आक्का म्हणाली. “आणि ऐका सगळे. तुम्ही त्याला ऊन म्हणा नाहीतर चटका म्हणा. मी बोचकं म्हणणार.”

पोरगा फिस्सकन हसला. पण घाईचा चेहरा एकदम उतरला. ती उठून मागच्या पायरीवर जाऊन बसली. घाई बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय. मी मागोमाग गेलो.

“बाबा,” ती म्हणाली, “दवाखान्यात नाव सांगायचं ते मीच सांगणार. तिथे मला कोणी अडवणार नाही. पण आत्या ज्या नावाने हाक मारतील तेच राहणार. बोचकं म्हटलं की बोचकं. माझं काय झालं? माझ्या आईने किती विचार करून नाव शोधलं होतं माझं. मावशी एक शब्द बोलली आणि ते पुसलं गेलं. आई एकटी शेवटपर्यंत मला त्या नावाने हाक मारायची. आई गेली, तसं ते नावही गेलं.”

आक्काच्या तोंडाला आजवर कोणी कुलूप लावलंय? पण त्या दिवशी कळलं की पोरीला नुसतं नाव नको आहे. तिला आक्काच्या तोंडून ते नाव हवं आहे.

“तू काळजी करू नकोस,” मी म्हटलं. “जगाची मतं गोळा करतो. सगळ्यांनी वाखाणलं की आक्काही नमेल.”

निघालो ना मी उत्साहात! आधी न्हाव्याकडे. त्याने माझी मान धरून विचार केला. म्हणाला, “आजोबा, नाव झकास आहे. पण पोरं ‘कडक ऊन, कडक ऊन’ म्हणून चिडवतील. अर्थात पोरं कशावरूनही चिडवतात म्हणा. माझ्या पोराचं नाव एवढं लांबलचक ठेवलं, जगाचा तारणहार अशा अर्थाचं. आता त्याला सगळे ‘तारण’ म्हणतात. गहाण ठेवल्यासारखं!”

मग कोपऱ्यावरचा छत्री दुरुस्त करणारा. तो तर उठून उभाच राहिला. “ठेवा, ठेवा! माझं पोट त्याच्यावरच आहे. अर्धं त्याच्यावर, अर्धं पावसावर. दुसरं झालं की पाऊस ठेवा.” हे एक मत पक्कं, असं म्हणत मी औषधाच्या दुकानात शिरलो आणि तिथे गाडं अडलं. औषधवाला चष्मा वर करून म्हणाला, “आजोबा, जुन्या भाषेत ऊन म्हणजे उणं. एकोणीस म्हणजे काय? एक-ऊन-वीस. विसाला एक कमी. पोराला जन्मभर कमी ठेवणार?”

माझं तोंड एवढंसं झालं. घरी येऊन घाईच्या कानात सांगितलं, आक्काला ऐकू जाऊ न देता. तिने एक क्षण विचार केला.

“मग बरंच आहे की, बाबा. वीस व्हायला काहीतरी शिल्लक राहील. पूर्ण वीस होऊनच जन्माला आलेली माणसं बघितलीत ना? डोक्यात जातात.”

या उत्तराने मला इतका हुरूप आला की दुसऱ्या दिवशी मी थेट तिच्या धुलाई केंद्रावरच गेलो. तिथल्या बायकांची मतं राहिलीच होती. आभाळ भरून आलं होतं, जिना अंधारा, यंत्रांचा आवाज असा की कानाशी ओरडावं लागतं. मी आपला खालूनच हाळी दिली, “अहो, ऊन! ऊन! काय म्हणता?” पुढचे शब्द यंत्राने गिळले. पण पहिला शब्द पोचला. एकदम धावपळ! चहूकडून बादल्या, बादल्यांमागे बायका. जिन्यात मी भिंतीला चिकटलो, अंगावरून ओल्या चादरी गेल्या. सगळ्या वर पोचल्या तर वर काळंकुट्ट आभाळ आणि मधोमध घाई, पोटावर हात ठेवून हसतेय. मी ठिबकत वर गेलो.

“कोण ओरडलं?” एक जाडजूड बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “तुम्ही का, आजोबा? कुठाय ऊन?”

मी घाईच्या पोटाकडे बोट दाखवलं, “बाळाचं नाव!” सगळ्यांनी तिकडे बघितलं आणि मग काय हसल्या! जाडजूड बाई म्हणाली, “बाई बाई, हा शब्द ऐकून आम्ही रोज धावतो. आता जन्मभर धावू!” सगळी मतं बाजूने. एकजात.

घरी येऊन मी आक्काला सांगितलं तर तिने साफ उडवून लावलं. “मतं कसली गोळा करतोस? नाव हे हाक मारायला असतं. हाक मारून बघा. गोट्याऽऽऽ म्हटलं की मळ्याच्या पलीकडे ऐकू जायचं, कारण शेवटाला तोंड उघडं राहतं. ऊन म्हटलं की तोंड मिटलं. रस्त्यावर खेळणारं पोर जेवायला बोलावणार कसं?”

मुद्दा बिनतोड होता. आक्का बोलते वाकडं, पण चुकीचं बोलत नाही. ठरलं, हाक मारून बघायची. सुट्टीच्या सकाळी मी रस्त्याच्या टोकाला छत्रीवाल्यापाशी उभा राहिलो. वर गॅलरीत घाई आणि तिच्या शेजारी आक्का, परीक्षकासारखी हाताची घडी घालून.

“ऊऽऽऽऽऽन!”

घाईचा आवाज काय दणदणीत! पण नेमकी तेव्हाच बस गेली आणि तिच्या घरघराटात ‘न’ चिरडला. मला ऐकू आलं ते नुसतं “ऊऽऽऽऽऽ!” मलाच नाही, सगळ्या रस्त्याला. एक बाई मुलीला घेऊन चालली होती. तिने जागच्या जागी थांबून पोरीची वेणी सोडली आणि तिचं डोकं चाळायला घेतलं! छत्रीवाल्याने टोपी काढली आणि खाजवायला लागला. मलाही खाजायला लागलं हो, खोटं कशाला बोलू. वर आक्का गॅलरीचा कठडा धरून हसत होती, पदराने डोळे पुसत होती. “ऊ! अगं, ऊ झाली गल्लीला! काय नाव आहे!”

घाई हसली नाही. तिने परत हाक मारली. आणि परत. तिसऱ्या वेळी बस नव्हती. “ऊऽऽन!” स्वच्छ आली. मी हात वर केला, दोन्ही हात. पण आक्का तोवर आत गेली होती.

रात्रीच्या जेवणाला तिने नवीन खुसपट काढलं. “हाक मारू एक वेळ. बोलायचं कसं? ऊनला झोपव म्हणायचं की उन्हाला झोपव?”

आता इथे मी मध्ये पडायला नको होतं. पण विभक्तीचा विषय निघाला आणि माझं तोंड आपोआप चालू झालं. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी छडीच्या तालावर म्हणून घ्यायचे, ते सगळं जिभेवर तयार. “ऊन, उन्हास, उन्हाला, उन्हाने, उन्हाचा, उन्हात!”

“बघ!” आक्का म्हणाली. “उन्हाला म्हटलं की हवामानाची बातमी. ऊनला म्हटलं की गोट्याचे गुरुजी छडी घेऊन स्वप्नात येणार.”

“आत्या,” घाई म्हणाली, “समुद्र असला की आपण म्हणतो, सागराला भरती आली. आणि माणूस असला की? सागरला ताप आला. सागराला ताप आला म्हणतं का कोणी?”

“हल्ली नाही म्हणत. आमच्या वेळी माणसांची नावंसुद्धा वाकायची. नम्र होती बिचारी.”

“माझ्या बाळाचं नाही वाकणार.”

पोरगा माझ्याकडे बघू लागला, मी ताटाकडे. उठताना आक्का पुटपुटली, “बोचकं. ठरलं आहे माझं.”

त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. घाईनेही काढला नाही. पण मला दिसायचं. आक्का लंगोट शिवत बसली की घाई दारातून तिच्याकडे बघायची आणि काहीतरी विचारायचं असल्यासारखी थांबून निघून जायची. थांबायची, घाई! आणि आक्का? कापड शिवते आहे, मऊ आहे की नाही ते स्वतःच्या गालाला लावून बघते आहे, आणि तोंडाने, “बोचक्याला हे पुरेल ना रे, गोट्या?”

थंडीचे दिवस आले आणि एका पहाटे आम्ही सगळे दवाखान्यात पोचलो. मला वाटलं, घाईचं बाळ, आत्ता येईल. कसलं काय! बाळ आईवर गेलं नव्हतं. निवांत काम. पोरगा बाहेरच्या बाकावर बसून नखं खात होता. मी येरझाऱ्या घालत होतो. आक्का एकटी शांत बसली होती, म्हणजे तशी दिसत होती. तिच्या हातातला रुमाल बघितला तर पिळून पिळून दोरी झाली होती.

उजाडलं आणि नर्स बाहेर आली. “मुलगी! दोघी छान आहेत.”

मी आधी पोराला मिठी मारली, मग नर्सला मारणार होतो पण ती हुशार निघाली, मग दारावरच्या रखवालदाराला मारली. तो म्हणाला, “आजोबा, मला पण तीन पोरं झाली, पण अशी मिठी कोणी मारली नव्हती!” आक्काने डोळे मिटले आणि नुसता श्वास सोडला. एवढा मोठा की मला वाटलं हिने रात्रभर धरून ठेवला होता.

वॉर्डात गेलो. घाई पांढरीफटक पडली होती, डोळे मिटून पडलेली. नर्सने बाळ कोणाच्या हातात द्यायचं म्हणून बघितलं आणि आक्काने हात पुढे केले. दिलं. मी पटकन पुढे सरकलो. कारण आता ही बोलणार. आणि पहिला शब्द जो पडेल तो चिकटणार. घाईच्या पापण्या हलल्या. ती झोपली नव्हती, कान देऊन पडली होती.

आक्का बाळाकडे बघत राहिली. एवढंसं तोंड, लालबुंद, कपाळावर आठी. आक्काची डिट्टो आठी!

“आलीस का गं,” आक्का म्हणाली आणि थांबली. बोटाने दुपटं बाजूला केलं, बाळाचे तळवे हातात धरले. “अगंबाई, गार पडलेत पाय!”

खोली थंडच होती. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा मात्र आत आला होता, शेजारच्या रिकाम्या खाटेच्या पायथ्याशी, आणि हळूहळू भिंतीकडे चालला होता. त्या पट्ट्यात नेमका आमचा पोरगा उभा, रात्रभर जागलेला, तोंड उघडं टाकून जांभई देतोय.

“अरे ढोल्या!” आक्का कडाडली. “खांबासारखा काय उभा राहिलास! ऊन खातोस एकटा? धर, धर हिला. ऊनला उन्हात घे लवकर, ऊन सरकतंय बघ!”

पोराने जांभई अर्ध्यात मिटली आणि बाळ घेतलं. त्याच्या हातांत ते छोटं तोंड उन्हात आलं आणि कपाळावरची आठी गेली. पण मी तिकडे बघतच नव्हतो. मी घाईकडे बघत होतो. तिने डोळे सताड उघडले होते.

मग आम्ही तिघांनीही माना आक्काकडे वळवल्या. आक्काला ते जाणवलं.

“काय झालं? असे काय बघताय?”

“अगं आक्का,” मी म्हटलं, “तू ऊनला म्हणालीस.”

“काहीतरीच! मी उन्हाला म्हणाले.”

“उन्हाला उन्हात कसं घेणार, आत्या?” घाई उशीवरूनच, कसंबसं म्हणाली.

आक्काने तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. माझ्या सत्तर-बहात्तर वर्षांत मी तिला शब्द सापडत नाही असं पहिल्यांदा बघत होतो. आणि मग ती उसळलीच, “मग काय म्हणायला हवं होतं? बोचक्याला उन्हात घे? वाळत घालायचंय का पोरीला!”

घाई हसायला लागली. पोट धरून, दुखत होतं तरी, “आई गं, आई गं” करत हसली आणि हसता हसता रडायला लागली. पोरगा बाळाला घेऊन तिच्याजवळ यायला निघाला तर आक्का त्याच्यावर ओरडली, “हलू नकोस तिथून, उन्हातच राहा!” स्वतः जाऊन घाईच्या उशाशी बसली, रुमालाची ती दोरी उलगडून तिचे डोळे पुसले आणि आमच्याकडे वळून म्हणाली,

“आणि तुम्ही दोघं हसू नका असे राक्षसासारखे. दचकली बघा ऊन.”

दचकली! ऊन दचकली! ऐकलंत ना? मी काही तिथे थांबलो नाही. जिना उतरलो तो पळतच, हातातली काठी वरच विसरून. खाली रखवालदार होता, तो बिचारा मला बघून आधीच दोन्ही हात पसरून उभा राहिला.